ऐनाचे लाकूड : ओळख, गुणधर्म व जतन
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

मलकापूरहून आंब्याकडे जाणारी वाट घाटाला भिडू लागते, तसतशी दुतर्फा झाडी दाट होत जाते. या झाडीत काळपट, खोल भेगा पडलेल्या सालीचा एक वृक्ष वारंवार दिसतो. तो ऐन होय. शाहूवाडी तालुक्यातील मुलांना हा वृक्ष अपरिचित नसतो. भाताच्या तरव्यासाठी राब भाजावयाचा असला की त्याच्या फांद्या तोडल्या जातात, आणि चुलीपुढच्या मोळीतही तो असतो. परंतु ज्या घरात मूल राहते त्या घराचा खांब, किंवा ज्या शाळेत ते शिकते त्या शाळेचे जुने वासे ऐनाचे असू शकतील, हे पुष्कळ मुलांच्या ध्यानी आलेले नसते. ऐन म्हणजे जळण, एवढीच ओळख त्यांच्या मनात रुजते.

ही ओळख अपुरी आहे आणि तिची किंमत गावाला मोजावी लागते. ज्याचे मोल ठाऊक नाही ते झाड कोवळेपणीच तोडले जाते, आणि ज्याचा स्वभाव ठाऊक नाही ते लाकूड ओले असतानाच छपरावर चढविले जाते. असे लाकूड वाकते, तडकते, किडीस बळी पडते व थोड्याच वर्षांत बदलावे लागते. ते बदलण्यासाठी पुन्हा एक झाड तोडावे लागते. उलट, नीट निवडलेले व नीट सुकविलेले लाकूड दीर्घकाळ टिकते, आणि ते टिकते तोवर रानातील झाडास वाढावयास अवधी मिळतो. लाकडाच्या टिकाऊपणाचा आणि रानाच्या आयुष्याचा हा संबंध मुलांना समजावून देणे, हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

१. झाडाची ओळख

ऐन हा पानझडी वृक्ष आहे. चांगल्या जमिनीत तो तीस मीटरपर्यंत उंच वाढतो व त्याचे खोड सरळ जाते. त्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे साल. जुन्या झाडाची साल काळसर असून तिला उभ्या-आडव्या खोल भेगा पडतात, त्यामुळे ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. ही जाड साल वणव्याच्या आचेपासून आतील जिवंत भागाचे पुष्कळसे रक्षण करते. मात्र रोपांची साल पातळ असते. म्हणून वणवा गेल्यावर मोठे ऐन उभे दिसले तरी त्यांची पुढची पिढी जळून गेलेली असते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

पाने लांबट, जाडसर व बहुधा समोरासमोर असतात. पान उलटे करून मधल्या शिरेवर देठाजवळ पाहिल्यास बारीक गाठीसारख्या एकदोन ग्रंथी आढळतात. या ग्रंथींतून गोड रस पाझरतो व तो खावयास मुंग्या येतात. उन्हाळ्याच्या तोंडी पाने गळतात, आणि पावसाळ्याच्या सुमारास फिकट, बारीक फुलांचे तुरे येतात. फळ सहज ओळखू येते : त्यास उभे पाच पंख असतात. वाऱ्यावर दूर जाण्यासाठी बीजाची ही सोय आहे.

ऐनाबरोबर याच डोंगरांत किंजळ वाढतो. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून फळ पाहावे. किंजळाची फळे लहान असून त्यांचा एक पंख मोठा व दोन लहान असतात. पावसाळा सरताना तांबूस फुलोऱ्याने व फळांनी किंजळ दुरूनच रंगलेला दिसतो. ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा व बेहडा ही सर्व एकाच कुलातील, इतकेच नव्हे तर एकाच प्रजातीतील भावंडे आहेत. त्या प्रजातीचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया. फांद्यांच्या टोकांशी पानांची गर्दी होते, त्यावरून हे नाव पडले. ऐनास जुन्या ग्रंथांत टर्मिनॅलिया टोमेंटोझा म्हणत, अलीकडे टर्मिनॅलिया इलिप्टिका हे नाव वापरतात.

नावांच्या बाबतीत शिक्षकांनी थोडी सावधगिरी बाळगावी. हिंदी भाषिक प्रदेशात ऐनास साज किंवा असन म्हणतात. आपल्याकडील आसाणा मात्र निराळा वृक्ष आहे. संस्कृतातील असन हे नाव पुष्कळ ठिकाणी बिवळ्यासाठी येते. सीमेपलीकडे कन्नड भाषेत ऐन हा मत्ती होतो. लाकडाच्या व्यापारात त्यास इंडियन लॉरेल असे नाव आहे, पण खऱ्या लॉरेल वृक्षाशी त्याचे काहीही नाते नाही. नुसत्या नावावरून लाकूड विकत घेणारा फसू शकतो, म्हणून खुणा पाहूनच ओळख पटवावी.

या झाडाविषयी आणखी एक नवलाची गोष्ट आहे. काही ऐनांच्या खोडांत पाणी साठून राहते व साल छेदल्यास ते बाहेर उसळते. दक्षिणेकडील वनकर्मचाऱ्यांस हे पूर्वीपासून माहीत आहे. २०२४ साली आंध्र प्रदेशातील पापीकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी अशा एका झाडाची साल कापली असता पाण्याची धार लागली, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. प्रत्येक ऐनात असे पाणी नसते, आणि जखमेतून कीड व बुरशी आत शिरते. तेव्हा पाणी पाहण्याच्या हौसेने मुलांनी झाडांवर कोयता चालवू नये, अशी ताकीद त्याच वेळी द्यावी.

२. लाकडाची अंतर्गत रचना

सुताराकडून किंवा वखारीतून ऐनाचा आडवा कापलेला तुकडा मिळवावा व त्याचे तोंड धारदार रंध्याने किंवा काचपेपराने साफ करावे. त्यात दोन रंग स्पष्ट दिसतील. बाहेरचा पट्टा फिकट, किंचित तांबूस असतो. हे रसकाष्ठ. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी याच भागातून चढते. आतला भाग तपकिरी असून त्यात गडद रेषा असतात. हे मध्यकाष्ठ. ते पूर्वी रसकाष्ठच होते. झाडाचे वय वाढले तशा त्यातील जिवंत पेशी मेल्या, नलिका बंद झाल्या, टॅनिनासारखे पदार्थ त्यात साचले व तो भाग केवळ आधाराचे काम करू लागला.

हा भेद केवळ रंगाचा नाही. रसकाष्ठात पिष्टमय अन्न साठलेले असते, म्हणून पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची पहिली धाड त्याच्यावर येते व ते लवकर कुजते. मध्यकाष्ठ त्या मानाने पुष्कळ टिकते. कोवळ्या झाडात मध्यकाष्ठ थोडे व रसकाष्ठ फार असते. यावरून कोवळे झाड तोडणाऱ्यास मिळते ते मुख्यतः न टिकणारे लाकूड, हा निष्कर्ष मुले स्वतःच काढू शकतील.

तुकड्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारी बारीक छिद्रे म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांची तोंडे होत. सागाच्या तुकड्यात मोठी छिद्रे वलयाच्या आरंभी ओळीने मांडलेली असतात, त्यामुळे त्याची वाढीची वलये ठळक उमटतात व मोजता येतात. ऐनात छिद्रे सर्वत्र विखुरलेली असल्याने वलये अस्पष्ट राहतात. म्हणून 'वलये मोजून झाडाचे वय सांगा' हा पाठ्यपुस्तकी प्रयोग करावयाचा तर सागाचा तुकडा घ्यावा. ऐनाचा घेतल्यास मुले गोंधळतील.

ऐनाचे तंतू सरळ जात नाहीत. एका थरात ते एका बाजूस कलतात, तर पुढच्या थरात दुसऱ्या बाजूस. अशी गुंफण असल्यामुळे लाकूड सहज फाटत नाही. पण रंधा मारताना एका पट्ट्यात गुळगुळीत झालेली फळी लगतच्या पट्ट्यात खरबरीत उचकटते. करवतीची धारही लवकर बोथट होते. खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे लागते, नाहीतर खिळा वाकतो किंवा फळी चिरते. गावातील सुतारास वर्गात बोलावून हे दाखविण्याची विनंती करावी.

३. वजन व बळ

लाकडाचा जडपणा मापण्याचा प्रयोग सहावी-सातवीच्या मुलांना सहज जमतो. निरनिराळ्या सुक्या लाकडांचे १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड असे तुकडे सुताराकडून करून घ्यावेत. प्रत्येकाचे घनफळ १०० घन सेंटिमीटर होते. वाण्याच्या काट्यावर त्यांचे वजन करावे. ऐनाचा तुकडा सुमारे ८५ ग्रॅम भरेल, सागाचा सुमारे ६५, आणि सावरीचा अवघा ३५ ते ४०. झाडाझाडांत फरक असल्याने आकडे थोडे मागेपुढे होतील, ते जसे येतील तसेच फळ्यावर लिहावेत. पुस्तकातील आकड्यांशी ते जुळविण्याचा आग्रह धरू नये.

नंतर तेच तुकडे पाण्याच्या घंगाळात सोडावेत. सर्व तरंगतील, परंतु ऐनाचा तुकडा जवळजवळ बुडालेला व सावरीचा बराच वर राहिलेला दिसेल. १०० घन सेंटिमीटर पाण्याचे वजन १०० ग्रॅम असते, हे सांगितले की तरंगण्याचे कारण मुलांच्या ध्यानात येईल.

या प्रयोगाचा देशातील संशोधनाशीही संबंध जोडता येतो. देहराडून येथे १९०६ साली स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेत भारतीय लाकडांच्या कसोट्या घेण्यात आल्या. तेथे सागाचा प्रत्येक गुण १०० धरून इतर लाकडांचा गुण त्याच्या प्रमाणात सांगण्याची पद्धत आहे. मुलांनी आपल्या आकड्यांवरून हेच करून पाहावे. सागाचे ६५ ग्रॅम म्हणजे १००, तर ऐनाचे ८५ ग्रॅम म्हणजे किती? उत्तर सुमारे १३० येते. वजनात व कठीणपणात ऐन सागाच्या पुढे आहे. परंतु आकार न बदलता राहण्यात, वाळवीस दाद न देण्यात व हत्याराखाली सहज वळण्यात साग श्रेष्ठ ठरतो. म्हणजे एक लाकूड चांगले व दुसरे वाईट असे नसून, कोणत्या कामास कोणते, हा खरा प्रश्न आहे.

४. ओलावा, आकुंचन व तडे

श्रावणात दार चौकटीत अडकते आणि चैत्रात तेच सैल होते, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. पाठाचा हा भाग तेथूनच सुरू करावा. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते. घेताना ते फुगते व सोडताना आकसते.

ताज्या लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते. एक, नलिकांच्या व पेशींच्या पोकळ्यांत भरलेले मोकळे पाणी आणि दुसरे, पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी. मोकळे पाणी निघून जाताना लाकूड हलके होते, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतके पाणी उरले की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि आकुंचनास प्रारंभ होतो. आपल्या हवेत सावलीत सुकलेल्या लाकडात बारा टक्क्यांच्या आगेमागे ओलावा राहतो. पावसाळ्यात तो वाढतो व उन्हाळ्यात घटतो.

आकुंचन सर्व दिशांनी सारखे होत नाही. लांबीत ते नगण्य असते. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जितके होते, त्याच्या सुमारे दीडपट ते दुप्पट वलयाच्या वळणाने होते. म्हणून ओल्या ओंडक्याची गोल चकती सुकली की तिच्यात गाभ्याकडून काठाकडे जाणारी चीर पडते. घेर अधिक आकसू पाहतो, व्यास तितका आकसत नाही, आणि या ओढाताणीत लाकूड फाटते. ताज्या फांदीची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती उन्हात ठेवून हे मुलांना काही दिवसांत दाखविता येते. दुसरी तशीच चकती सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवून हळूहळू सुकवावी व दोहोंची तुलना करावी.

ऐनाच्या बाबतीत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. त्याचे लाकूड घट्ट असल्याने आतले पाणी सावकाश बाहेर येते. उन्हातान्हात पडलेल्या ऐनाचा पृष्ठभाग झपाट्याने सुकतो व आकसू लागतो, आत मात्र ओल तशीच असते. परिणामी पृष्ठभाग तडकतो, फळ्या पिळवटतात व टोके उकलतात. 'ऐन फुटके लाकूड आहे' अशी तक्रार ऐकू येते. त्यातील पुष्कळसा दोष लाकडापेक्षा घाईचा असतो.

५. लाकूड मुरविण्याची रीत

लाकूड सावकाश व सारखे सुकविणे यालाच मुरविणे म्हणावे. ऐनासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) परवानगीने तोडलेले झाड उन्हाळ्यापर्यंत ओंडका म्हणून पडू देऊ नये. हवेत गारवा असतानाच त्याच्या फळ्या, वासे व तुळया कापून घ्याव्यात.

(२) कापताच प्रत्येक नगाच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा घट्ट रंग फासावा. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते, म्हणून पहिले तडे टोकांनाच पडतात.

(३) जमिनीपासून दीड-दोन फूट उंच दगडी किंवा विटांच्या आधारावर थप्पी रचावी. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाखाली एक येतील असे पाहावे. पट्ट्या मागेपुढे झाल्या तर फळ्या त्याच ठिकाणी वाकतात.

(४) थप्पीवर छप्पर असावे. वारा खेळता हवा, परंतु चैत्र-वैशाखातील कोरड्या गरम वाऱ्याचा थेट मारा नसावा. त्या बाजूस तट्टी किंवा पोती लावावीत.

(५) घाई करू नये. फळ्यांना काही महिने लागतात व जाड तुळयांना वर्षाहून अधिक काळ लागतो. एखाद्या नगाचे वजन पंधरवड्याच्या अंतराने करून ते घटावयाचे थांबले की लाकूड हवेशी जुळले असे समजावे.

ओलावा मोजण्याचे गणित वर्गात घालता येते. ताज्या तुकड्याचे वजन १६२ ग्रॅम होते. पूर्ण सुकल्यावर ते १०८ ग्रॅम भरले. गेलेले पाणी ५४ ग्रॅम. कोरड्या वजनाशी त्याचे प्रमाण ५० टक्के. येथे भागाकार कोरड्या वजनाने करावयाचा असतो, हे विसरू नये.

६. ऐनाचे उपयोग

बळ, जडपणा व चिवटपणा यांमुळे ऐनाचे मोठे काम इमारतीत आहे. खांब, तुळया, वासे व चौकटी यांसाठी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस ते वापरण्यात आले. गाड्यांचे भाग, शेतीची अवजारे, भात कांडण्याची मुसळे व होड्या यांसाठीही त्याचा उपयोग होत असे. आगगाडीच्या रुळांखाली लाकडी स्लीपर घालीत, त्या काळात क्रिओसोट या तेलाने संस्कारित केलेले ऐनाचे स्लीपर वापरले जात. आता त्यांची जागा बहुतांशी काँक्रीटने घेतली आहे. गडद रेषांचे ऐन रंध्याने साफ करून झिलई दिल्यावर फार शोभिवंत दिसते. अशा लाकडाचे पातळ पापुद्रे काढून उंची सामानावर चढवितात, आणि इंडियन लॉरेल या नावाने ते विलायतेसही जात असे.

लाकूड हा ऐनाचा एकच उपयोग नव्हे. सालीत टॅनिन असल्याने ती कातडी कमाविण्यास उपयोगी पडते. तिच्यात चुन्याचा अंशही पुष्कळ असतो. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांत ऐनाच्या व अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात, आणि त्या कोशांवर तेथील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. आपल्या भागात ऐनाची पाने व डहाळ्या राबासाठी जातात. थंडीच्या दिवसांत फांद्या तोडून वाळवितात. मग शेण, पालापाचोळा व माती यांच्या थरांसह त्या तरव्यावर पसरून उन्हाळ्यात भाजतात. त्यामुळे तणाचे बी जळते व रोपांना राखेचे खत मिळते.

येथे शिक्षकांनी राबाची निंदा करू नये. ती कष्टकरी शेतकऱ्याची जुनी व समजून केलेली रीत आहे. परंतु एक वस्तुस्थिती दाखवून द्यावी. दरवर्षी बुंध्यालगत फांद्या छाटलेल्या खोडात गाठी वाढतात, जखमांतून कूज शिरते, आणि असे झाड तुळईच्या कामाचे राहत नाही. तेव्हा बांधावरील काही ऐन राबासाठी ठेवावेत व काही सरळ वाढीचे ऐन इमारतीसाठी अजिबात न छाटता राखावेत. एकाच झाडाकडून दोन्हींची अपेक्षा केली तर पुढे तुळईचे लाकूड मिळत नाही.

७. लाकडाचे शत्रू व शाळेचे छप्पर

लाकडाचा नाश मुख्यतः तिघांकडून होतो : बुरशी, वाळवी व पोखरणारे भुंगेरे. बुरशीला ओल लागते. सतत कोरडे असलेले लाकूड कुजत नाही. पूर्वी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, त्यामागे हेच शास्त्र आहे. तळखड्यामुळे जमिनीची ओल खांबास लागत नाही आणि वाळवीस उघड्यावर यावे लागते.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाचा मुक्काम लांबतो. कौले फुटलेली असली तर पाणी रिपांवरून वाशांवर व वाशांवरून तुळईच्या भिंतीतील टोकावर उतरते. ते टोक मातीत किंवा चुन्यात गच्च बसविलेले असेल तर ओल तेथेच कोंडते व लाकूड आतून कुजते. बाहेरून तुळई जशीच्या तशी दिसते. याच कारणाने लाकडी छपराचा धोका डोळ्यांस उशिरा दिसतो. ज्या छपराखाली मुले रोज पाच-सहा तास बसतात, त्याविषयी शिक्षकास इतके ज्ञान असणे हे त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

ज्या शाळांना अद्याप लाकडी छप्पर आहे, तेथील मुख्याध्यापकांनी मृगापूर्वी व दिवाळीनंतर पुढील पाहणी करावी.

(१) सकाळी वर्ग झाडण्यापूर्वी जमिनीवर पिठासारखी बारीक पूड पडलेली आहे काय? असल्यास तिच्या थेट वर भुंगेऱ्यांची छिद्रे शोधावीत.

(२) भिंतीवर किंवा खांबावर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्या आहेत काय?

(३) तुळईच्या टोकाशी भिंतीवर ओलीचा डाग, बुरशीचा वास किंवा लाकडाचा बदललेला रंग आहे काय?

(४) तुळई मध्यभागी पूर्वीपेक्षा अधिक झुकली आहे काय? भिंतीस दोरी ताणून झुकाव मोजावा व नोंदवहीत तारखेसह लिहावा. पुढील पाहणीत तो वाढला आहे किंवा नाही, हे त्यावरूनच कळेल.

(५) हाताशी येणाऱ्या खांबावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ झालेल्याचा बोदा येतो.

लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक तडा धोक्याचा नसतो, ऐनात तसे तडे सुकतानाच पडतात. परंतु आडवा तडा, नवा झुकाव किंवा भुसभुशीत टोक दिसल्यास तो वर्ग तत्काळ रिकामा करावा, मुलांना दुसरीकडे बसवावे, आणि गटशिक्षणाधिकारी, ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांस त्याच दिवशी लेखी कळवावे. 'अजून एक पावसाळा निघेल' असा अंदाज शिक्षकाने स्वतः करू नये. तो निर्णय बांधकाम खात्याच्या अभियंत्याचा आहे. पाहणीसाठी मुलांना माळ्यावर किंवा शिडीवर चढविण्यास सक्त मनाई असावी.

दुरुस्तीच्या वेळी नवे लाकूड आले की तेही पाहून घ्यावे. कडांना फिकट रसकाष्ठाचा पट्टा फार असेल, किंवा नग सुकल्यापेक्षा जड व ओला लागत असेल, तर त्याची नोंद करून कळवावे. घराच्या आतील कोरड्या भागात रसकाष्ठ वापरणे भागच असेल तर बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाचा संस्कार जाणकाराकडून करवून घेता येतो. उघड्यावर मात्र तो पावसाने धुऊन जातो.

८. झाडाचे जतन

ऐनाची वाढ सावकाश होते. घराच्या तुळईजोगा बुंधा होण्यास अनेक दशके जावी लागतात. म्हणजे आज आपण वापरतो ते लाकूड आजोबा-पणजोबांच्या काळातील आहे, आणि आज जे रोप जगेल ते आपल्या नातवंडांच्या उपयोगी पडेल.

झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ यांबरोबर ऐन व किंजळ यांचीही नावे आहेत. मालकीच्या शेतातील ऐन असला तरी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तो तोडता येत नाही. राखीव वनाचे नियम याहून कडक आहेत. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस असलेले चांदोली अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, त्यास २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. त्या रानाच्या शेजारी राहणाऱ्या मुलांना हे नियम केवळ दंडाच्या भीतीने न शिकविता, त्यांमागील कारणासह शिकवावेत.

तोडलेल्या ऐनाच्या खुंटास धुमारे फुटतात. त्यांतील एकदोन सरळ धुमारे राखून बाकीचे काढले, गुरांपासून व वणव्यापासून त्यांचे रक्षण केले, तर नवे झाड उभे राहते. शाळेच्या आवारात किंवा गायरानाच्या कडेला लावण्यासाठी उन्हाळ्याच्या आरंभी पडलेली पंखांची फळे मुलांकडून गोळा करवावीत व पावसाच्या तोंडी रुजत घालावीत. चिकण व पाणी धरून ठेवणारी जमीन पुष्कळ झाडांस मानवत नाही, ऐन तीत तग धरतो. म्हणून अशा जागेसाठी त्याचा विचार अवश्य करावा.

९. पाठाची मांडणी

हा विषय तीन तासिकांत संपविता येईल. पहिल्या तासिकेत जवळच्या ऐनाखाली जाऊन साल, पान व फळ यांचे निरीक्षण करावे व वहीत चित्र काढून घ्यावे. दुसऱ्या तासिकेत तुकड्यांचे वजन, तरंगणे व दोन रंगांचे काष्ठ हे प्रयोग घ्यावेत. चकत्यांचा प्रयोग आठ दिवस आधी मांडून ठेवावा. तिसऱ्या तासिकेत सुताराशी संवाद घडवून आणावा व मुलांनी आपापल्या घरातील लाकडांची केलेली यादी वाचून घ्यावी : कोणता भाग, कोणते लाकूड, कोणाच्या काळचे, आणि कधी बदलले. ही माहिती घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून आणावयाची आहे, त्यामुळे पुष्कळ जुनी माहिती शाळेत येईल.

सरावासाठी प्रश्न :

(१) ऐन व किंजळ यांच्या फळांतील फरक सांगा.

(२) कोवळ्या झाडाचे लाकूड कमी का टिकते?

(३) गोल चकती सुकल्यावर तिला चीर का पडते?

(४) ३ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद व ७.५ सेंटिमीटर जाड असा एक वासा आहे. एक घनमीटर ऐनाचे वजन ८५० किलोग्रॅम व सागाचे ६५० किलोग्रॅम धरल्यास दोन्ही लाकडांच्या वाशांचे वजन काढा. (उत्तर : ऐन सुमारे १९ किलोग्रॅम, साग सुमारे १४.६ किलोग्रॅम.)

(५) समजा, एका छपरास १० वासे लागतात. ओले बसविलेले वासे दर १५ वर्षांनी बदलावे लागतात व मुरविलेले ६० वर्षे टिकतात. ६० वर्षांत प्रत्येक प्रकारचे किती वासे लागतील? (उत्तर : ४० व १०.)

पाचव्या उदाहरणातील आकडे केवळ हिशोबासाठी घेतले आहेत. मात्र उत्तर आल्यावर फळा लगेच पुसू नये. उरलेल्या ३० वाशांचे लाकूड कोठून आले असते, हा प्रश्न मुलांस विचारावा व त्यांची उत्तरे ऐकून घ्यावीत. झाडे राखण्याचा उपदेश मुलांनी अनेकदा ऐकलेला असतो. येथे तो त्यांच्या स्वतःच्या गणितातून निघतो, म्हणून अधिक काळ स्मरणात राहील.